कमरेचं मीठ

मुकादम कलियन मेस्त्रीचा काटा मीठ तोलायला होता. त्याच काट्यावर तो बायका तोलायचा. पोंगल झाला, मिठागरात पाणी घेतलं, की शेडच्या तोंडाशी तो लोखंडी काटा मांडला जायचा आणि आमच्या वाडीतल्या बायका रांगेने त्यावर चढायच्या. चाळीस किलोच्या वर गेली तर बाईच्या डोक्यावर पाटी. खाली राहिली तर घरी जा, शेण गोळा कर, उपाशी मर, मेस्त्रीला काय त्याचं!

हे फर्मान मालकाचं. मालक चेन्नईत बसतो. एका उन्हाळ्यात एक बाई मिठाची भरली पाटी घेऊन बांधावरून कोसळली आणि उठलीच नाही. पोलीस आले, चौकशी झाली, मालकाच्या नावाला बट्टा लागला. तेव्हा त्याला अक्कल सुचली. बाईला पोटभर खायला घालावं, ही अक्कल नाही सुचली. बारीक बाई ठेवू नये, एवढीच सुचली. आता मरक्काणमच्या मिठागरांत बारीक नसलेली बाई आणायची कुठून? सकाळी कालच्या भाताचं पाणी, दुपारी तेच, रात्री मिळाली तर सुकी मासळी. मीठ तेवढं मुबलक.

मग बायकांनी मीठच वापरलं. जुन्या लुगड्याची लांब नळी शिवायची, तिच्यात मीठ ठासून भरायचं आणि परकराच्या आत कमरेला दोन वेढे घालून गच्च बांधायचं. वरून नेसली की कुणाच्या बापाला कळत नाही. एकेकीच्या कमरेला पाच-सहा किलो सहज बसतं. ही युक्ती कुणी काढली माहीत नाही, पण त्या पट्ट्याला "पोर" म्हणायला सुरुवात केली ती अलमेलूने. काट्याच्या रांगेत उभी राहून ती पुढचीच्या पोटाला कोपराने ढोसायची आणि विचारायची, "काय गं, कितवा महिना?"

अलमेलू म्हणजे आमच्यातल्याच, पाटी उचलणाऱ्या कासांबूची एकुलती एक लेक. माझी सून वेंबू आणि ती जोडीने काम करायच्या. मिठाची पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही, समोरून कुणीतरी हात द्यावा लागतो, आणि ज्या दोघी एकमेकींना हात देतात त्या वर्षानुवर्षं जोडी बदलत नाहीत. माझा मुलगा सरवणन तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात. तो वर्षातून दोनदा घरी यायचा. वेंबूला नवऱ्यापेक्षा अलमेलूचा सहवास जास्त होता, असं मी चेष्टेने म्हणायचे. माझे स्वतःचे गुडघे गेले तेव्हापासून मी पाटी सोडली. रस्त्याच्या कडेला ताडांखाली इडलीचं दुकान टाकलं. तिथून शेड समोरच दिसते, आणि माझी जीभ तर तिथून शेडपर्यंत सहज पोचते.

मासी महिन्यात, ऊन तापायला लागताना, शहरातल्या इस्पितळाची गाडी आली. डॉक्टर तेन्मोळी नावाची तरुण बाई, एक नर्स, थंड पेट्या, सुया. मिठागरात खोकणारे फार, आणि त्यांचा टीबी थुंकीत वेळेवर सापडत नाही. म्हणून रक्तातून ओळखायची नवी तपासणी आणली होती. चांगलं काम होतं, मी नाही म्हणत नाही. फक्त त्यांचा वजनाचा काटा वाटेतच बिघडला. मेस्त्री लगेच पुढे. "डॉक्टरम्मा, काळजी कशाला? आमचा आहे ना!" आणि त्या काट्याशेजारी स्वतःची खुर्ची टाकून चहा पीत बसला.

आता सांगा, मेस्त्रीचा काटा, शेजारी मेस्त्री, आणि बाई तिथे पोर बांधल्याशिवाय जाईल? गाडी आल्याचं कळताच सगळ्याजणी आडोशाला गेल्या आणि गोल गोल कमरा घेऊन बाहेर आल्या. अलमेलूने माझ्या दुकानासमोरून जाताना डोळा मारला. "अक्का, आज सगळ्या एकदम बाळंत होणार बघ!" एवढं म्हणून ती खोकत सुटली. खोकला थांबेपर्यंत वेंबू तिची पाठ चोळत उभी होती.

काही दिवसांनी निरोप आला. रक्त तपासलेल्यांपैकी दोन म्हातारे सोडले, तर कुणालाच टीबी नाही. अलमेलू नाही, वेंबू नाही. दोन्ही म्हातारे शेडमध्ये आलेच नव्हते, अंथरुणावरच त्यांचं रक्त घेतलं होतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

अलमेलू त्यानंतर तीन महिन्यांनी, वैकासीत गेली. संध्याकाळी ताप, अंगाला घाम, हाडांवर नुसती कातडी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेली की तिथली नर्स म्हणायची, "रक्त स्वच्छ आहे हिचं. मोठ्या तपासणीत नाही निघालं, मग काय असणार? खा, पी, आराम कर." ही नर्स म्हणजे कलियन मेस्त्रीची मेहुणी. खा म्हणे! मग वाडीत कुजबुज सुरू झाली. टीबी नाही, मग तरणीताठी बाई अशी वाळली कशाने? मेस्त्रीनेच चहाच्या टपरीवर तोंड उघडलं. नको ते खाल्लं असेल, पोट पाडलं असेल, नवरा सोडून गेलेली बाई, कुणी सांगावं. कासांबूने लेकीला जाळलं आणि हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन कामावर आली, कारण आली नसती तर तिची जागा गेली असती. तेव्हापासून ती कुणाशी धड बोलत नाही.

आणि मग दोन महिन्यांनी, आडी लागता लागता, माझ्या वेंबूच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

तोच संध्याकाळचा ताप. तोच खोकला, तोंडावर पदर दाबून, माझ्याकडे पाठ करून. दवाखान्यात डबीत कफ द्यायला सांगितला तर तिने नुसती थुंकी दिली; कफ वर ओढायचं बळच तिच्यात नव्हतं. थुंकीत काही सापडलं नाही. छातीच्या फोटोत कसलासा डाग, पण तो जुना की नवा, कुणी छातीठोक सांगेना. मी दुकान बंद केलं, तिला बसमध्ये घातलं आणि पुन्हा तालुक्याच्या त्या दवाखान्यात नेलं. सोमवारी तिथे डॉक्टर तेन्मोळी बसते.

मेस्त्रीच्या मेहुणीने आत नेऊन तिचं वजन केलं आणि बाहेर येऊन सांगितलं, बेचाळीस. डॉक्टरने आपल्या हातातल्या यंत्राच्या पडद्यावर बघितलं.

"अम्मा, हिचं रक्त मासीत घेतलं होतं, आणि गेल्या पंधरवड्यात इथेही घेतलं. दोन्ही वेळी टीबी नाही असंच आलंय."

"मग ही खोकतेय ती काय मला वेडावून दाखवायला?"

डॉक्टर रागावली नाही. तिने खुर्ची जवळ ओढली. "हे बघा. टीबीचा जंतू अंगात शिरला की रक्तातल्या पेशी आरडाओरडा करतात. म्हणजे त्यांच्यातली काही ठरावीक जनुकं जागी होतात आणि जोरात कामाला लागतात. आम्ही तो ओरडा मोजतो. एका रेषेच्या वर गेला तर आजार, खाली राहिला तर नाही."

"हिचा?"

"थोडा आहे. पण रेषेच्या खाली."

"मग रेषा खाली ओढा!"

"तशीही एक रेषा आहे," ती म्हणाली. "जी माणसं उपासमारीने फार रोडावलेली असतात, त्यांच्या पेशींना ओरडायचंही बळ नसतं. आजार असून आवाज बारीक येतो. जुनी तपासणी खाऊनपिऊन असलेल्या माणसांवर बेतलेली होती, त्यात असे लोक सुटून जायचे. म्हणून आता त्यांच्यासाठी वेगळी, खालची रेषा धरतो. त्या रेषेने बघितलं असतं तर हिला मी आजच गोळ्या दिल्या असत्या."

"मग बघा की!"

"हिचं वजन त्यात बसत नाही, अम्मा. बारीक आहे, पण तेवढी नाही. मला चेहऱ्यावरून वाटतं तसं, पण काटा बेचाळीस सांगतो. आणि नसलेल्या आजाराच्या गोळ्या सहा महिने दिल्या तर यकृत बिघडतं." ती जरा घुटमळली. "गुरुवारी मी तुमच्या शेडवर परत येतेय. तेव्हा पुन्हा नीट बघते."

मी वेंबूकडे बघितलं. ती खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती.

माझ्या डोळ्यांवर मी कधी शंका घेतली नाही. पण डॉक्टर सांगते, काटा सांगतो, तेव्हा वाटलं की आपणच म्हातारे झालो, काळजीने आपल्याला सून आहे त्यापेक्षा बारीक दिसते. बसथांब्यावर आलो. बसची पायरी उंच, वेंबूला पाय उचलवेना. मी मागून तिच्या कमरेला दोन्ही हातांनी धरून वर ढकलायला गेले, आणि माझ्या हाताला कमर लागली नाही. दगडासारखं कडक काहीतरी लागलं.

बस निघून गेली. मी तिला खाली ओढलं होतं.

"हे काय आहे?"

"अत्तै, हळू बोला."

"हे काय बांधलंयस इथे? दवाखान्यात?"

"नर्स मेस्त्रीची मेहुणी आहे ना. तिने बघितलं असतं तर संध्याकाळी मेस्त्रीला कळलं असतं." ती रडत नव्हती, एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तसं सांगत होती. "आणि एकीचं कळलं की सगळ्यांचं कळलं. सगळ्यांची कमर चाचपतील. आम्ही शपथ घातली आहे एकमेकींना."

"मासीत? तेव्हाही बांधलं होतंस, आणि अलमेलूने पण?"

तिने कमरेवरचा पदर घट्ट ओढून घेतला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिला राग तिचाच आला, खोटं कशाला बोलू. मूर्ख, आंधळी, स्वतःच्या हाताने स्वतःची चिता रचणारी पोरगी! मग तिचं मनगट माझ्या मुठीत आहे आणि माझी मूठ त्याभोवती दीड वेळा फिरली आहे, हे मला दिसलं. मी तिला तसंच ओढत परत दवाखान्यात नेलं. डॉक्टरची जीप निघून गेली होती. मेस्त्रीची मेहुणी दाराला कुलूप घालत होती. "काय राहिलं का, अक्का?" तिने गोड आवाजात विचारलं. मी तिला जे सांगितलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बायका माझ्या दुकानी इडलीला आल्या तेव्हा मी विषय काढला. गुरुवारी डॉक्टर येणार, तेव्हा कुणीही पोर बांधून जायचं नाही. का, तेही सांगितलं. दोन रेषा, ओरडा, सगळं जमेल तसं सांगितलं.

कासांबू ताडाला पाठ लावून बसली होती. ती म्हणाली, "तुझं काय जातंय? तू इडल्या विकतेस. तुला काट्यावर चढायचं नाही."

"माझी सून मरतेय, कासांबू."

"माझी मेली," ती म्हणाली. "आणि मी पाटी उचलतेय. उद्या या सगळ्या घरी बसल्या तर तू खायला घालशील? आमच्या पोटावर पाय देऊन तुझ्या सुनेला वाचवशील?"

"अगं बये, अलमेलूला तेच झालं होतं! त्या मिठाने मारलं तिला!"

हे मी बोलायला नको होतं, निदान तसं तोंडावर फेकायला नको होतं. कासांबू उठली. हातातली इडली तिने माझ्या पातेल्यात परत टाकली आणि उन्हात चालायला लागली. बाकीच्या तिच्या मागून. वेंबूही गेली, कारण सुट्टी संपली होती आणि आता कासांबूला पाटी चढवायला तीच हात द्यायची.

गुरुवार उजाडला. मी वेंबूला घरून निघताना चाचपलं. काही नव्हतं. मला बरं वाटलं. पण दुकानातून बघते तर गाडी आल्यावर सगळ्या आडोशाला गेल्या आणि तीही गेली.

मी चूल विझवली नाही, इडलीचं भांडं उतरवलं नाही, तशीच शेडमध्ये घुसले. आज डॉक्टरने स्वतःचा काटा आणला होता, काचेचा, चकचकीत. मेस्त्री त्याच खुर्चीत, त्याच चहासकट. वेंबू काट्यावर उभी होती.

"बेचाळीस," गाडीबरोबर आलेली नर्स म्हणाली.

"सोड ते, वेंबू."

"अत्तै, नको." तिने दोन्ही हातांनी निऱ्या धरल्या.

मी तिच्या कमरेला हात घातला. पट्ट्याची गाठ माझ्या बोटांत आली. तिच्या हातात माझा हात अडवण्याची ताकद नव्हती. एक हिसका दिला असता तर काम झालं असतं. पण समोर मेस्त्री बसला होता, त्याची दोन माणसं उभी होती, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की मी हात मागे घेतला. तिला चारचौघांत उघडी करायचा हक्क मलाही नव्हता. मग सगळा राग डॉक्टरवर निघाला.

"तुमचा काटा नवा आहे ना? मग हाही खोटं का बोलतो? एवढं शिकलात, रक्तातला ओरडा ऐकू येतो तुम्हाला, आणि बाईच्या कमरेला हात लावून बघता येत नाही?"

"अम्मा, काय म्हणताय तुम्ही?"

मी तोंड उघडलं आणि रांगेतल्या बायकांचे चेहरे बघितले. कासांबू सर्वांत पुढे. ती मान हलवून मला नको म्हणत होती. रागाने नव्हे, विनवून. मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

तेवढ्यात कलियन मेस्त्री हसला.

"डॉक्टरम्मा, मी सांगतो ना. इडलीअक्काला म्हणायचंय, आधी कमरेचं मीठ सोडवा, मग वजन घ्या." त्याने चहाचा घोट घेतला. "सगळ्या बांधतात. लुगड्याची नळी करतात. तिला पोर की काय म्हणतात."

रांगेतल्या बायकांचे हात आपापल्या कमरेवर गेले.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"मीठ कुणाचं आहे? माझ्या ढिगातलं पाच-पाच किलो उचललं जातं आणि मला कळणार नाही? पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे." तो मजेत होता. "मालकाला आकडा हवा, मला माणसं हवीत, यांना काम हवं. कुणाचं काय बिघडलं? चाळीसच्या वरच्या बायका शोधत बसलो तर मीठ पावसात विरघळून जाईल."

"आणि मासीत? या काट्याशेजारी बसला होतास तू. ही बाई आजार शोधायला आली होती, पाटी द्यायला नव्हती आली. हिची नर्स वजनं टिपत होती, सगळी खोटी, आणि तू बघत होतास."

"मला कुणी विचारलं नाही," मेस्त्री म्हणाला.

त्याच्यावर धावून जाणार होते मी. देवाशपथ, तो काचेचा काटा उचलून त्याच्या टाळक्यात घातला असता. पण माझ्या आधी वेंबू हलली. ती काट्यावरून उतरली, आडोशाला गेली नाही, तिथेच भिंतीकडे तोंड करून तिने गाठ सोडली आणि पट्टा बाहेर काढला. ओलसर, राखाडी, लांबलचक. एवढी वर्षं ज्याच्यापासून लपवायचं होतं त्याला सगळं पाठ होतं. आता कुणापासून लपवणार?

ती परत काट्यावर चढली.

"छत्तीस," नर्स म्हणाली, आणि तिचा आवाज चोरटा झाला.

डॉक्टर तेन्मोळीने यंत्रात नवं वजन भरलं. मी तिच्या खांद्यावरून बघत होते, मला वाचता येत नाही, पण रंग कळतो. हिरवं होतं ते लाल झालं.

"मासीतलं रक्त तेच," ती म्हणाली. "आकडा तोच. आता या खालच्या रेषेच्या वर आहे. तेव्हाही होता." मग वेंबूकडे वळून म्हणाली, "तुला टीबी आहे. आजपासून गोळ्या सुरू. बरी होशील तू, पण खावं लागेल."

सुनेला टीबी आहे असं ऐकून आनंदाने रडणारी सासू त्या शेडने पहिल्यांदाच बघितली असेल. रडता रडता मी शिव्याही देत होते. मेस्त्रीला, मालकाला, त्याच्या काट्याला, आणि डॉक्टरलाही. उपाशी माणसाच्या रक्तासाठी वेगळी रेषा धरण्याइतकी ही माणसं हुशार, आणि ज्याने उपाशी ठेवलं त्याचाच काटा उसना घेतला त्यांनी! "चुकलं आमचं," डॉक्टर एवढंच म्हणाली.

मागे धप्प असा आवाज झाला. रांगेतल्या दुसऱ्या बाईने पट्टा सोडून जमिनीवर टाकला होता. मग तिसरीने. काहींच्या नळ्या फुटल्या आणि मीठ पसरलं. मेस्त्री खुर्चीतून उठला.

"ए, ए! हे काय चाललंय? मालकाला कळलं तर एकीलाही ठेवणार नाही. आणि ते मीठ झाडून ढिगात टाका आधी."

"तूच झाड," मी म्हणाले. "आणि उद्या पाट्याही तूच उचल. पाऊस तोंडावर आलाय, तुझ्या मालकाला विचार चेन्नईहून येतो का हात द्यायला."

एवढ्या बायकांच्या जागी एवढ्या बायका आठवड्यात मिळत नाहीत, हा हिशेब मेस्त्रीला आमच्यापेक्षा चांगला येतो. उद्या तो काय करेल माहीत नाही. त्या क्षणी तो खाली बसला.

डॉक्टर एकेकीला परत काट्यावर घेत होती. मासीतल्या रांगेच्या क्रमाने नावं पुकारत होती. हिरव्याचं लाल झालं की ती थांबायची आणि त्या बाईला बाजूला बसवायची. काहींचं हिरवंच राहिलं. कासांबूचंही हिरवं राहिलं. ती काट्यावरून उतरत होती तेवढ्यात डॉक्टरने सवयीने पुढचं नाव पुकारलं.

"अलमेलू."

कुणी ओ दिली नाही. डॉक्टरने मान वर केली आणि पुन्हा हाक मारली. तिला माहीतच नव्हतं.

वेंबू भिंतीशी बसली होती. ती हळूहळू उठली, जमिनीवरचा आपला पट्टा तिने दोन्ही हातांनी उचलला आणि चालत काट्यापाशी आली. तेव्हा मला तो नीट दिसला. निळ्या काठाचं लुगडं. वेंबूचं तसलं लुगडं कधीच नव्हतं. तिची स्वतःची नळी मासीनंतर फाटली होती, आणि अलमेलूला जाळून आल्यावर तिच्या दोरीवर ही वाळत पडली होती. कासांबूनेच दिली असणार.

वेंबूने तो पट्टा नीट घडी करून काचेवर ठेवला.

"हे काय?" डॉक्टरने विचारलं.

"ही नळी तिच्या कमरेला होती त्या दिवशी, अशीच ठासून भरलेली," वेंबू म्हणाली. "तिच्या वजनातून वजा करा."

नर्सने आकडा वाचला. सहाला थोडं कमी. डॉक्टरने अलमेलूचं जुनं वजन काढलं, त्यातून पट्टा वजा केला आणि यंत्रात भरलं. कासांबू काट्याशेजारीच उभी होती. तिने यंत्रातला लाल रंग बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"काय आलं, ते सांगा," मी डॉक्टरला म्हणाले.

"होता," ती पुटपुटली.

"असं नाही. मोठ्याने. तिने पोट पाडलं म्हणून मेली, असं टपरीवर मोठ्याने सांगितलं होतं. त्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं सांगा."

डॉक्टर तेन्मोळी उभी राहिली. तिने मेस्त्रीकडे तोंड केलं.

"अलमेलूला टीबी होता," ती म्हणाली. "मासीत होता. आम्ही गोळ्या दिल्या असत्या तर ती आज या रांगेत असती."

कासांबूने काचेवरचा पट्टा उचलला, छातीशी धरला आणि त्याची गाठ सोडायला लागली. मेस्त्रीच्या खुर्चीसमोर जाऊन तिने ती नळी उलटी केली आणि सगळं मीठ त्याच्या पायांवर ओतलं.

"घे," ती म्हणाली. "तोलून घे तुझं."